नामदेवाचं मडकं कच्चं कसं ठरलं? श्रद्धा, हट्ट आणि पंगतीत विचारलेला एक प्रश्न

गोदाकाठ

आमचं गाव गंगाखेड तालुक्यातलं. दर श्रावणात सप्ताह असतो, काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत सगळं रीतसर. यंदा पावसाने ताण दिला, पहिलं सोयाबीन जमिनीतच करपलं आणि निम्म्या गावावर दुबार पेरणीची पाळी आली. बियाणं परत उधार आणलं लोकांनी. अशा वेळी माणूस कीर्तनाला बसतो ते जरा धीर मिळावा म्हणून.

तर एका रात्री कीर्तनात महाराजांनी सांगितलं की पाऊस का लांबला, तर गावाचा देवावरचा भरवसा उडाला म्हणून. एकादशीला कुणाच्या घरी काय शिजतं ते देव बघतो, वर्गणी मागायला गेलं की कोण तोंड वेंगाडतं तेही बघतो. लोकांनी माना डोलावल्या. नंतर पंगत बसली. माझा भाचा परभणीला बी.एस्सी.ला आहे, सुट्टीला आला होता, आमटी वाढायला होता. महाराजांच्या पानापाशी आला आणि बादली हातात तशीच धरून म्हणाला, "महाराज, पलीकडच्या गावात तर सप्ताहच होत नाही. त्यांच्याकडं पाऊस झाला की चांगला. मग ते कसं?"

आवाजात टवाळी नव्हती. मी शेजारच्या ओळीत बसलो होतो, ऐकलंय.

महाराज म्हणाले, "संशयात्मा विनश्यति." एवढंच. मग दोघा जाणत्यांनी त्याच्या हातातली बादली काढून घेतली, पाया पडायला लावलं, पडला बिचारा. माझी बहीण अजून त्याला बोलते की चार लोकांत मान खाली घालायला लावलीस.

महाराजांचं नाव विचारू नका, सांगणार नाही. विषय त्यांचा नाही. विषय त्या अर्ध्या श्लोकाचा आहे, जो आपल्याकडे कुणाचंही तोंड बंद करायला काढतात.

तो गीतेच्या चौथ्या अध्यायातला ४० वा श्लोक. त्याच अध्यायात सहा श्लोक आधी, ३४ व्यात, ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलंय: 'तद्विद्धि प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया'. नमस्कार, प्रश्न आणि सेवा. भाच्याने सेवा केली (आमटी वाढत होता), नमस्कारही केला. मधलं तेवढं आम्हाला चाललं नाही. पुढे सहाव्या अध्यायात अर्जुन तर सरळ म्हणतो, कृष्णा, हा माझा संशय तूच पुरता छेदून टाक, तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. दोन अध्याय आधी संशयात्म्याचा नाश सांगणारा तोच कृष्ण इथे काय म्हणतो? 'तात' म्हणून हाक मारतो आणि समजावून सांगतो. अठराव्यात, सगळं सांगून झाल्यावर, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु'. याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. सातशे श्लोकांचा ग्रंथ अर्जुनाने मुकाट मान डोलावली असती तर झालाच नसता.

दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्यातलीच. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली, मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? काका म्हणाले, मडकं कच्चं का पक्कं ते बघायचं. मग आमची डोकी बघा ना! काकांनी सगळ्यांच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

मला लहानपणापासून या कथेत एक गोष्ट टोचते. कच्चं कोण ठरलं? तर ज्याच्या हातचा नैवेद्य देव जेवला तो. ज्याच्याशी विठ्ठल बोलायचा तो. त्या सगळ्या ओळीत देवाबद्दल ज्याला तीळभर शंका नव्हती, तोच.

काय वाटतं तुम्हाला?

माळकरी

रामकृष्णहरी भाऊ. लेकराच्या हातची बादली काढून घेतली ते वाईट झालं. महाराजांनी पावसाचं जे सांगितलं तेही मला पटत नाही, असली कीर्तनं मी पण ऐकलीत आणि उठून आलोय. पण तुम्ही त्या एका महाराजाच्या रागात दोन ठिकाणी हात मारलाय, ते सांगतो.

एक. माउलींनी त्याच श्लोकावर लिहिलंय, 'म्हणौनि संशयाहूनि थोर । आणिक नाहीं पाप घोर ।'. ते तुम्ही सोडून दिलं. सोडायचं असेल तर सोडा, पण आहे ते आहे.

दोन. नामदेवांची कथा तुम्ही सोयीने वाकवली. संप्रदायात त्या कथेचा अर्थ शेंबड्या पोराला ठाऊक आहे: नामदेवांनी गुरू केला नव्हता, म्हणून मडकं कच्चं. पुढे विठ्ठलानेच त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलं. ही कथा गुरूला शरण जाण्याची आहे. शंका घेण्याची नाही.

आणि एक विचारतो. आमची आई गुडघे धरून दरवर्षी दिंडीत चालते. बाप गेला, थोरला भाऊ गेला, शेत गेलं, तिची वारी गेली नाही. तिला तुम्ही परिप्रश्न शिकवायला निघालात का? प्रश्न पडायला सुद्धा जरा सवड लागते.

बुंदीवाला

धागा गंभीर आहे, तरी विचारतो. पंगतीत हुग्गी होती का नुसती बुंदी? आमच्या लातूरकडं हुग्गी नसली तर त्यावरून जास्त संशय घेतात.

तेरणाकाठ

तेरचा आहे म्हणून बोललंच पाहिजे.

माळकरी बुवांचं पहिलं मान्य. कथा गुरू करण्याचीच आहे. पण मग पुढे औंढ्यात काय झालं ते पण पूर्ण सांगा की. नामदेव नागनाथाच्या देवळात गेले तर विसोबा पिंडीवर पाय टाकून झोपलेले. नामदेव हादरले. देवावर पाय? आणि विसोबा काय म्हणाले? 'म्हातारा झालोय बाबा, पाय उचलवत नाहीत. जिथे देव नसेल तिथे उचलून ठेव.' नामदेव पाय उचलून ठेवत गेले आणि ठेवतील तिथे पिंडी.

आता ह्यात उपदेश कुठाय? विसोबांनी एकही श्लोक फेकला नाही. शरण ये, माझं ऐक, असं काही नाही. पाय धर आणि जागा शोध, म्हणजे स्वतःच करून बघ. नामदेवांची जी पक्की समजूत होती, की देव म्हणजे पंढरपूरचा, विटेवरचा, माझ्याशी बोलणारा, ती त्यांनी त्यांच्याच हातांनी मोडायला लावली. गुरू केला हे खरंच. पण गुरूने पहिलं काम काय केलं, तर शिष्याची खात्री काढून घेतली.

थापटण्याचं पण सांगतो, आमच्याकडं कुंभारवाड्यात अजून भट्ट्या लागतात. मडकं घ्यायला गेलं की म्हातारी माणसं तोंडावर बोट दुमडून वाजवतात. भाजलेलं असलं तर खणखणीत वाजतं, कच्चं असलं, तडा असला तर बद्द आवाज येतो. दिसायला दोन्ही सारखीच. एकदा तर कुंभारणीनं स्वतःच हातातलं मडकं वाजवून परत ठेवलं, 'हे नका नेऊ, पाणी झिरपंल' म्हणून. गिऱ्हाइकानं वाजवलं म्हणून राग येणारा कुंभार मी पाहिला नाही. ज्याला वाजवू देत नाहीत ते मडकं काय समजायचं, ते तुम्हीच ठरवा.

गोदाकाठ

तेरणाकाठ, हेच मला म्हणायचं होतं, मला जमलं नाही इतकं नीट.

माळकरी बुवा, माउलींची ओवी मी लपवली नाही, पण तिच्या आधीचंही बघू. ज्याला ज्ञानाची ओढच नाही, त्याच्याबद्दल ते बोलतायत. ज्याला खरं-खोटं काही कळून घ्यायचंच नाही, तो. भाचा तर उत्तर मागत होता. उत्तर मागणारा आणि उत्तर नको असणारा यांना एकाच गाठोड्यात कसं बांधायचं?

तुमच्या आईला मी कशाला शिकवू. मलाच त्यांच्या पाया पडायला पाहिजे.

नास्तिक_नांदेडकर

काय चाललंय हे? श्रद्धेत शंका चालते का, हे ठरवायला परत ओव्याच काढायच्या. म्हणजे प्रश्न विचारायची परवानगी पण पोथीकडूनच घ्यायची.

२१ सप्टेंबर १९९५ आठवतो का कुणाला? गणपती दूध प्यायला लागला तो दिवस. मी शाळकरी होतो. आमच्या गल्लीत दुधाचा थेंब मिळेना. चमचा सोंडेला टेकवला की दूध खाली ओघळायचं, दगडावर पातळ पसरायचं म्हणून दिसायचं नाही. पृष्ठताण आणि केशाकर्षण, नववीच्या पुस्तकातला धडा. आमच्या विज्ञानाच्या सरांनी रांगेत उभं राहून दूध पाजलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोच धडा घेतला. कुणी विचारलं नाही, सर हे कसं. विचारलं असतं तर छडी होती.

आमच्या नांदेडात नरहर कुरुंदकर होऊन गेले. उघड नास्तिक, आणि संतवाङ्मयावर बोलायला उभे राहिले की माळकरी सुद्धा वही घेऊन बसायचे असं जुने लोक सांगतात. त्यांना कुणाच्या श्लोकाची परवानगी लागली नाही.

वकीलसाहेब_जालना

एक माहिती देतो, कारण असल्या धाग्यावर कुणीतरी 'धर्मावर घाला' म्हणतंच. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्यात वारी, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पंगतीतला प्रश्न आणि महाराजांचं उत्तर, दोन्ही कायदेशीर. बादली हिसकावणं मात्र… जाऊ द्या.

माळकरी

नांदेडकर, तुमच्या सरांसारखेच तुम्ही. कुरुंदकर वाचून होते म्हणून लोक ऐकायचे. तुम्ही 'पोथी' म्हणताय त्या पोथीचं एक पान तरी उलटलंय का? न वाचता नाही म्हणणं हाही हट्टच.

नास्तिक_नांदेडकर

उलटलंय. आजोबांच्या मांडीवर बसून पारायणं ऐकलीत. म्हणूनच बोलायलो.

बीडची_आपा

अस्सलाम अलैकुम आणि रामराम सगळ्यांना. मी बीडला शाळेत शिकवते. वाचत होते, राहवलं नाही.

कुरआनात दुसऱ्या सूरहमध्ये, २६० वी आयत. इब्राहिम अलैहिस्सलाम अल्लाहला म्हणतात, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते मला दाखव. अल्लाह विचारतो, तुझा ईमान नाही का? ते म्हणतात, आहे तर! पण माझ्या दिलाला इत्मिनान, म्हणजे समाधान, हवंय. यावर त्यांना 'तुझा नाश होईल' असं उत्तर येत नाही. चार पक्षी घे, असं सांगितलं जातं, आणि दाखवलं जातं. ज्यांना आम्ही खलीलुल्लाह म्हणतो, अल्लाहचे दोस्त, त्यांचा हा प्रश्न आहे. माझ्या अब्बांनी ही आयत मला समजावली तेव्हा मी लहान होते, 'कयामतीच्या दिवशी एवढे सगळे उठून उभे राहणार कुठं' असं मी विचारलं होतं म्हणून.

इमाम गज़ालींचं पण सांगते. बगदादच्या सगळ्यात मोठ्या मदरशात शिकवायचे, तीनशे विद्यार्थी हाताखाली. आणि आतून सगळं ढासळलेलं. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की डोळ्यांवर सुद्धा भरवसा राहिला नाही: आकाशातला तारा दिनाराएवढा दिसतो आणि गणित सांगतं तो पृथ्वीपेक्षा मोठा आहे, मग डोळा जर असा फसवतो तर अकलेवर तरी कशाला विसंबू? १०९५ साली बोलणंच बंद पडलं त्यांचं, घास गिळवेना. नोकरी सोडून निघून गेले. परतले ते सूफी होऊन. आज त्यांना हुज्जतुल इस्लाम, म्हणजे इस्लामचा पुरावा, म्हणतात. आमच्या खुलदाबादेत इतके औलिया झोपलेत, त्या वाटेला लागलेल्या पुष्कळांनी असं काहीतरी सोसलेलंच असणार.

हे सगळं सांगून झाल्यावर खरं पण सांगते. आमच्या मोहल्ल्यात तुमच्या भाच्यासारखं कुणी विचारलं तर बादलीवर भागणार नाही. पुस्तकात जागा आहे. ओट्यावर नाही.

औसा_तालुका

इथं सगळे शास्त्र बोलायलेत, मी घडलेलं सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन उशिरापर्यंत चाललेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारी हलली. आमचं गाव थोडं लांब, आमच्याकडं भिंती फाटल्या, माणसं वाचली. वडील उजाडायच्या आत किल्लारीच्या वाटेला लागले, तिथं आत्या होती. मिळाली नाही. मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी.

नंतर कितीतरी महिने कुणी ना कुणी येऊन कारण सांगायचं. देवीचा कोप. पाप वाढलं. कुठल्या देवाचा मान राहिला. येणारा प्रत्येकजण शंभर टक्के खात्रीनं बोलायचा. वडील माळकरी होते, रोज हरिपाठ. ते ऐकून घ्यायचे. एकदा मात्र एका पाहुण्या बुवाला म्हणाले, "महाराज, माझ्या बहिणीच्या वाड्याला दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद होतं. सगळे त्याखाली गेले. वेशीबाहेर कुडाच्या झोपड्यात राहणारे उठून बसले. देवाचा कोप होता तर देव माळवद बघून कोपला का?"

बुवा उठून गेला. वडिलांनी संध्याकाळी नेहमीसारखा हरिपाठ म्हटला.

सुमारे १०,००० माणसं गेली. पुष्कळसं त्या माळवदामुळं, हे आता इंजिनिअर लोक सांगतात. माणसं रात्री उबेला म्हणून जे बांधतात त्याच्याखालीच.

पण नांदेडकर, तुम्हाला पण एक सांगतो. आदल्या वर्षापासून धक्के बसायचे किल्लारीला. लोक तक्रारी करायचे. आणि तेव्हाच्या नकाशावर हा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, इथं काही होत नाही, असं शिकलेली माणसंच धरून बसली होती. ती पण एक खात्रीच. फरक इतकाच की नंतर त्यांनी नकाशा बदलला. कोप सांगणाऱ्या एकानं तरी येऊन 'आमचं चुकलं' म्हटलंय का, मला दाखवा.

नास्तिक_नांदेडकर

औसा, वाचलं. नकाशाचं मला ठाऊक नव्हतं.

मिलिंदचा_माजी

छत्रपती संभाजीनगरला नागसेनवनात शिकलो. बाबासाहेबांनी १९५० ला काढलेलं कॉलेज. तिथं आम्हाला पहिल्यांदा कालाम सुत्त कळलं. केसपुत्त गावचे कालाम लोक बुद्धाला म्हणतात, इथं येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलंच खरं सांगतो, दुसऱ्याचं खोटं म्हणतो, आम्ही कुणाचं धरावं? बुद्ध म्हणतो, तुम्हाला शंका आली हे योग्यच झालं. ऐकीव आहे म्हणून, परंपरेनं आलंय म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा 'हा आमचा गुरू आहे' म्हणूनही धरू नका. हे शेवटचं फार कमी गुरू म्हणतील.

पण अर्धच सांगणं बरं नाही. त्याच धम्मात विचिकिच्छा, म्हणजे कशातच पाय न रोवणारी डळमळ, पाच नीवरणांत धरलीय. वाटेतला अडथळा. विचारून बघ, पटलं तर चाल. नुसता चौकात उभा राहू नकोस.

आणि बीडच्या आपांसारखंच मलाही खरं बोलू द्या. आमच्या विहारात एका पोरीनं विचारलं, '२२ प्रतिज्ञा म्हणतो आपण, मग काकांच्या घरी लग्नाची तारीख पंचांग बघून का काढली?' सगळ्यांनी तिलाच गप्प केलं. कालाम सुत्ताची चौकट मागं भिंतीवरच लटकत होती.

पुसत_असे

आमचा महानुभाव पंथ, त्यामुळं एक लहान भर. आमच्या चक्रधर स्वामींची शिष्या महदाइसा त्यांना सतत काही ना काही विचारायची. स्वामी तिच्यावर कधी खेकसले असं नाही, उलट तिच्या जिज्ञासेचं कौतुकच केलेलं आढळतं. आणि पुढे स्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी जमवल्या त्या घरबसल्या आठवून नव्हे, तर ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडे गावोगाव जाऊन विचारून. स्वामींवर निष्ठा होती म्हणूनच ऐकीव गोष्टीवर विसंबायची तयारी नव्हती. मराठी गद्य त्या पुसण्यातून सुरू झालं म्हणा ना.

पैठणची_सून

उशिरा आले. पुष्कळ बोलून झालंय, दोनच गोष्टी.

नाथांबद्दल गाढवाला गंगा पाजली, पितरांचं जेवण भुकेल्या महारांना वाढलं, हे सगळे सांगतात. मला नाथांची वेगळीच गोष्ट मोठी वाटते. ज्ञानेश्वरीवर त्यांची भक्ती किती, तर हिच्यात कुणी पदरची मराठी ओवी घातली तर अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवल्यासारखं होईल, असं त्यांनी बजावून ठेवलंय. आणि त्यांनीच शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, बसून ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. का? तर लोकांच्या म्हणण्यात, नकलण्यात पाठ बिघडलेत असं त्यांच्या लक्षात आलं. विचार करा. गावोगाव ज्या पोथीची पूजा होतेय, गंध-फूल वाहतायत, त्या पोथीकडे बघून एक माणूस म्हणतो की यातला हा शब्द माउलींचा नाही. आज कुणी असं म्हटलं तर? नाथांना ते म्हणता आलं कारण त्यांचं प्रेम माउलींवर होतं, पुढ्यातल्या कागदावर नव्हतं. माळकरी दादा, आज तुम्ही ज्या प्रतीवरून पारायण करता तिच्यापर्यंत हे काम पोचलेलं आहे.

दुसरी गोष्ट. गोदाकाठ भाऊ, तुमच्या गंगाखेडचीच जनाबाई. 'अरे विठ्या, अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हणते, पुढे तर देवाचं मढं काढते. त्या अभंगावर कीर्तनात लोक डोलतात. तिचं भांडण म्हणजे शंका आहे का? मला तसं वाटत नाही. ज्याच्या असण्याबद्दल शंका आहे त्याच्या नावाने कुणी अशा शिव्या घालत बसत नाही. पण निमूट मान डोलावणंही ते नाहीच. इथे सगळ्यांनी एकीकडे श्रद्धा आणि एकीकडे संशय असे दोनच ढीग लावलेत, जनाबाई कुठल्याच ढिगात बसत नाही.

माळकरी

ताई, नाथांचं पटलं. एकदम पटलं. पारायणाला बसताना ते नाव घेतो आम्ही, पण हा विचार केला नव्हता.

तरी माझं म्हणणं कायम. नाथांनी पाठ तपासला तो बावीस पानं वाचून नव्हे. आयुष्य घातलं. महदाइसा स्वामींच्या पायाशी बसून विचारायची. इब्राहिमांचं आपांनी सांगितलं, तेही आधी सगळं सोडून निघालेले. आजकाल मोबाईलवर एक क्लिप बघून पोरं व्यासपीठासमोर उभी राहतात. विचारा, पण आधी बसा तर.

तेरणाकाठ

बुवा, भाचा बसलाच होता की. खरं म्हणजे उभा होता, वाढत होता.

पैठणची_सून

माळकरी दादा, 'आधी बसा' म्हणालात ना, त्यावरच बोलते.

माझी नणंद. तिचं ज्ञानेश्वरीचं वाचन माझ्या सासऱ्यांपेक्षा चोख आहे, नुसतं पसायदान नाही, अख्खे अध्याय पाठ. सप्ताहात पारायणाला बसली आणि मधे पाळी आली. उठायला सांगितलं. तिने विचारलं, 'माउलींनी कुठे लिहिलंय?' उत्तर मिळालं नाही, नुसतं 'असं असतं' मिळालं. तिने आयुष्य घातलंय, ती बसलेली होती, गुरुमंत्र घेतलेला आहे. तुमच्या सगळ्या अटी पूर्ण. तरी उठवलंच.

चोखोबांची सोयराबाई सातशे वर्षांपूर्वी 'देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म' असं विचारून गेली. तो अभंग त्याच सप्ताहात, त्याच मांडवात, दुसऱ्या दिवशी म्हटला गेला. टाळ वाजत होते. नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, कारण मांडवात यायचं नव्हतं.

मग सांगा, प्रश्न विचारायला नेमकं किती शिकावं लागतं, आणि बाईला किती?

बीडची_आपा

ताई, हे वाचून गप्प बसले. आमच्याकडचं लिहायला घेतलं होतं, खोडलं.

माळकरी

पैठणच्या ताई, ह्याला माझ्यापाशी उत्तर नाही. आमच्या दिंडीत हा विषय निघाला की विणेकरी बुवा पुढचा अभंग सुरू करतात. आईला विचारलं आज. ती म्हणाली, 'वाटंत चालताना कोण बघतंय? मी तर कधीच थांबले न्हाई.' इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

विणेकऱ्यांना विचारतो. बोलतील असं वाटत नाही.

गोदाकाठ

बुवा, तुमच्या आई भेटल्या पाहिजेत एकदा.

भाच्याने धागा वाचला. त्याचं म्हणणं एवढंच की कुणीच पावसाचं उत्तर दिलं नाही. पलीकडच्या गावात झाला आणि आपल्याकडे नाही, ते का? इथं कुणी हवामानातला जाणकार असेल तर लिहा, मान्सूनच्या खंडात असा तुकड्या-तुकड्यात पाऊस कसा पडतो ते त्याला समजून घ्यायचंय. दुसरा धागा काढला तरी चालेल.

बुंदीवाला

काढा. आणि हुग्गीचं राहिलंच.